जागल्याची गोफण

फोन बालाजीच्या नंबरवरून आला होता, म्हणून मी नेहमीसारखं "बोल रे" म्हणाले. पलीकडून त्याची बायको मीनल बोलली. सकाळी फिरून आला, चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत खुर्चीतच गेला... एवढं तिनं अगदी क्रमानं सांगितलं. मी लातूरला, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होते. समोर तपासायच्या उत्तरपत्रिका. काका, म्हणजे बालाजीचे वडील, कुठं आहेत ते मी विचारलं. "आतल्या खोलीत. खेळून राहिलेत," मीनल म्हणाली. "आता जाते सांगायला."

याला महिना होऊन गेला. बालाजी माझा चुलतभाऊ, माझ्याहून पुष्कळ लहान. मी त्याची अक्का. हिमायतनगरच्या अलीकडं आमचं गाव. तिथं आम्ही एकाच अंगणात वाढलो. पुढं मी मराठी शिकवायला लातूरला आले. तो विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाला, हैदराबादच्या एका कंपनीत लागला आणि लॉकडाउनमध्ये जो नांदेडला परतला तो घरूनच काम करत राहिला. कंपनी मोबाइलवरचे खेळ बनवायची. लग्नकार्यात कुणी ना कुणी त्याला टोचायचं, की आमची पोरं बिघडवतोस आणि वर पगार घेतोस. तो हसायचा. "मी खेळ बनवत न्हाई हो, मी फक्त आकडे हलवतो," म्हणायचा आणि पंगतीत वाढायला निघून जायचा.

हे आकडे हलवणं म्हणजे काय, ते मला कळायला बराच काळ गेला. मी असले खेळ खेळत नाही. त्यानं मला सांगितलं ते असं. खेळ फुकट असतो. त्यात वेगवेगळे वीर असतात आणि दोन खेळणारे आपापला वीर घेऊन समोरासमोर येतात. काही वीर सगळ्यांना आपोआप मिळतात, काही विकत घ्यावे लागतात, आणि कंपनी चालते ती या विकण्यावर. त्यामुळे नवा वीर येतो तो मुद्दाम जरा जास्त ताकदीचा. लोक त्याच्याकडून हरतात आणि मग तोच विकत घेतात. घेणारे घेऊन झाले की त्याची ताकद उतरवायची, म्हणजे पुढचा नवा वीर खपतो. या उतरवण्याला कंपनीत समतोल म्हणत. कुणाची ताकद किती उतरवायची, कुणाची चढवायची, ते आकडे बालाजी ठरवायचा. "हारणारा माणूस विकत घेतो, अक्का. पण लई हारला की निघून जातो. या दोन्हीच्या मधी जी जागा हाय ना, ती शोधणं एवढंच माझं काम." हे तो कुरकुर म्हणून सांगत नव्हता. त्या कामावर त्याच्यासारख्या अनेकांच्या चुली पेटत होत्या, आणि ते तो विसरत नसे.

ऐकताना मला आमची जत्रा आठवायची. जत्रेतल्या कुस्त्यांची जोड लावायचा मान काकांकडं होता. काका पैलवान नव्हते, पण त्यांनी लावलेल्या जोडीवर कुणी ओरडत नसे. रेवड्यांसाठी लढणाऱ्या लहान पोरांपासून ते शेवटच्या कुस्तीपर्यंत, ते एकाचं मनगट धरून फडातून फिरत, दुसऱ्याचं मनगट हातात घेत, दोन्ही जरा दाबून पाहत, दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करत आणि मगच "बराबर हाय" म्हणत. बालाजीला लढायची हौस होती. पण त्याची जोड काकांनी कधी लावली नाही. त्याची पाळी आली की ते बाजूला होत आणि दुसऱ्या पंचाला पुढं करत. जोड लावणाऱ्यानं आपलं पोरगं हातात धरू नये, असा त्यांचा नेम. बालाजी एका वर्षी रडला होता, की सगळ्यांच्या पोरांचा हात धरता, माझाच का नाही. काकांनी त्याला रेवड्या घेऊन दिल्या.

चारेक वर्षांपूर्वी काकांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. गावाकडची शेती बटईनं देऊन बालाजीनं त्यांना नांदेडला आणलं. उजव्या हाताला काही चाळा हवा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून त्यानं आपल्या कंपनीचा खेळ काकांच्या फोनमध्ये घालून दिला. बहुतेक वीर दोन्ही अंगठे लागतील असे होते, एकानं पळवायचं आणि दुसऱ्यानं मारायचं. एक मात्र पळत नसे. एका जागी उभा राहून, समोरचा टप्प्यात आला की गोफण सोडायची, इतकंच त्याचं काम. तो सगळ्यांना फुकट मिळायचा. खेळ मराठीत आला तेव्हा त्याचं नाव बालाजीनंच ठेवलं होतं, जागल्या. रात्रीची पिकं राखणारा माणूस काकांना वेगळा सांगावा लागला नाही. ते उशीला फोन टेकवून एका अंगठ्यानं खेळू लागले आणि जिंकू लागले. वाट बघत बसणं त्यांना येतच होतं. वडलांना दादा म्हणणारा बालाजी मला फोनवर सांगायचा, "दादा आज कुणाला तरी पाडून राहिले, आतून आवाज येऊन राहिला."

अडचण अशी झाली, की जागल्या इतरांनाही आवडला. फुकटच्या जागल्यानं लोक विकतचे वीर पाडू लागले आणि नवे वीर खपेनात. जागल्या उतरवा, असं बालाजीला वरून सांगण्यात आलं. तो भांडला, त्याच्या पद्धतीनं, म्हणजे हळू आवाजात आणि बऱ्याच वेळा. जे पैसे देत नाहीत त्यांच्याशीच पैसे देणारे खेळतात, ते निघून गेले तर विकत घेतलेल्या वीरानं पाडायचं कुणाला, असं त्याचं म्हणणं. ऐकून घेतलं गेलं, पण निर्णय बदलला नाही. शेवटी त्यानं एक आकडा बदलला. गोफण एकदा सोडल्यावर पुन्हा फिरवायला लागणारा वेळ वाढला. दिसायला जागल्या तोच, फक्त आता समोरचा त्याच्या अंगावर येईपर्यंत त्याची गोफण तयार होत नसे.

काका हरू लागले. दुसरा वीर घ्यावा तर एका हातानं चालवता येईना. हात उतरला माझा, असं ते म्हणायचे, आणि खेळणं कमी केलं. अंगठ्याचा व्यायाम थांबला, बोलणंही कमी झालं. हे बघणं बालाजीला जमलं नाही. कंपनीकडं तपासणीसाठी काही खाती वेगळी ठेवलेली असतात, त्यांच्यासमोर मुद्दाम सोपे खेळणारे आणता येतात. त्यानं काकांचं खातं गुपचूप त्यात टाकलं.

त्या दिवाळीत मी नांदेडला होते. दुपारी आम्ही आतल्या खोलीत बसलो होतो, मीनल फराळाचं ताट ठेवून गेली होती. काका एकामागून एक जिंकत होते, तरी तोंडावर खुशी नव्हती. त्यांनी फोन पालथा ठेवला.

"ही समोरची पोरं कोण आणून राहिलं माझ्यापुढं? पाठ टेकायलाच आल्यासारखी येतेत."

बालाजी चकली मोडत बसला.

"तू व्हय?"

"हाव, दादा."

"जत्रंत तुझा हात मी कधी धरला न्हाई. आठवतंय?"

"आठवतंय."

"मंग काढ ते."

"काढलं तर तुम्ही हारताल." आणि मग त्यानं जागल्याचं सगळं सांगून टाकलं. गोफण कुणी हळू केली, आणि का.

काकांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "हारीन की. हारल्यानं कोण मरतंय? पण कशानं हारलो ते माणसाला कळू द्या. मी उगं माझ्या हाताला शिव्या देऊन राहिलो."

खातं त्यानं त्याच दिवशी मोकळं केलं. पुढचं मात्र त्यानं मला सांगून केलं नाही, नाहीतर मी अडवलं असतं. खेळात बदल झाला की खेळणाऱ्यांना एक सूचना दिसते. खेळ सर्वांसाठी अधिक संतुलित व्हावा म्हणून काही सुधारणा केल्या आहेत, असं दरवेळचं ठरलेलं वाक्य. मराठी सूचना बालाजीच लिहायचा आणि हैदराबादच्या ऑफिसात ती वाचू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं. पुढच्या वेळी त्यानं लिहिलं: जागल्याची गोफण हळू केली आहे. तो फुकट मिळतो आणि जिंकतो, त्यामुळे नवे वीर विकले जात नव्हते. खेळणाऱ्यांच्या हातात काही दोष नाही.

ती सूचना बरेच दिवस तशीच राहिली. देगलूरकडच्या कुणा मुलानं तिचा फोटो कौतुकानं सगळीकडं पाठवला, तेव्हा ती कंपनीपर्यंत पोचली. नोकरी गेली नाही, पण आकड्यांचं काम गेलं. ज्या कामात त्याला गती होती, जे तो झोपेतही करत असावा असं मीनल म्हणायची, ते दुसऱ्याकडं गेलं. मला त्यानं फोन करून सांगितलं, "बढती मिळाली, अक्का. आता बटणाचे रंग ठरवून राहिलो." मी विचारलं, वाईट वाटतं का. तो म्हणाला, "हिरवं ठेवावं का निळं, याच्यात कुणाचं नुकसान न्हाई, एवढं बरं." त्याला वाईट वाटत होतं. काका पुन्हा रोज खेळू लागले होते आणि रोज हरत होते, आणि जेवताना कसे हरलो ते दोघं बापलेक बोलत बसत. जागल्या काही पुन्हा चढला नाही.

मागच्या आठवड्यात मी नांदेडला जाऊन आले. काका त्याच खोलीत, खिडकीशी, उशीला फोन टेकवलेला. मी खुर्चीत बसले. ते म्हणाले, "सुमे, खेळतीस का?" मला येत नाही म्हटलं. "म्हणून तर," ते म्हणाले आणि त्यांनी मीनलला हाक मारली. तिनं बालाजीचा फोन आणून माझ्या हातात दिला. कामासाठी म्हणून त्याच्या खात्यात सगळे वीर उघडे होते. सगळ्यात चकचकीत, ढाल-तलवारीचा असा एक मी निवडला. काकांनी जागल्या घेतला.

मला माझा वीर सरळ चालवताही येईना. तो भिंतीला धडकायचा, उलट्या बाजूला पळायचा, तलवार हवेत फिरवायचा. मी वाट चुकत चुकत जवळ पोचेपर्यंत जागल्याची हळू झालेली गोफण बरोबर फिरून तयार होत होती. मी हरले. मग एकदा जिंकले. मग पुन्हा हरले, पण अगदी थोडक्यात. बालाजीनं उतरवलेला जागल्या माझ्यासारख्या नवशिकीच्या पुढं नेमका बरोबरीचा उभा राहत होता.

काकांनी फोन खाली ठेवला. उजव्या हातानं माझं मनगट धरलं, जरा दाबून पाहिलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "लाव आणखी एक."