म्हात्रे सिस्टर आणि चहाबरोबरची गोळी

म्हात्रे सिस्टर बाईचं नाव विचारायच्या आधी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून अंगात रक्त आहे का ते बघत. पेणच्या रामवाडीला एस.टी.ची वाट बघताना शेजारच्या अनोळखी बाईचाही डोळा त्यांनी ओढलेला मी पाहिला आहे. एकदा धरमतर खाडीकाठच्या एका गावात आम्ही हळदीला गेलो होतो. नवरी पाटावर बसलेली, बायकांची गाणी रंगात आलेली. सिस्टर हळद लावायला वाकल्या आणि नवरीचा डोळाच बघत राहिल्या. मग तिच्या आईला म्हणाल्या, "ही हळदीची पिवळी नाय गो. हळद उद्या धुतली जाईल, हिच्या रक्ताचं काय करशील?"

गाणी थांबली. नवरीची आत्या फणकारली, "सिस्टर, आज तरी तुमचा दवाखाना बंद ठेवा!"

"ठेवते की. पोरीला कलेजी खायला घालते बोल, लगेच ठेवते."

मांडव हसला. सिस्टर हसल्या नाहीत. आत्याने "घालते, घालते" म्हटल्यावरच त्या पाटाजवळून उठल्या.

त्या खाडीलगतच्या खारपट्टीतल्याच, मिठागरात राबणाऱ्या आईची मुलगी. काळ्या-सावळ्या, ठेंगण्या, पन्नाशीच्या. उपकेंद्राची पाच गावं त्यांच्याकडे होती आणि ती त्या पायी करत. मी मूळचा रोह्याजवळच्या अष्टमीचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, चोविसाव्या वर्षी, आरोग्य सेवक म्हणून त्यांच्या हाताखाली आलो. नोकरी लागली याचाच आनंद होता. लोकांचं आरोग्य वगैरे माझ्या मनात फारसं नव्हतं, हे आज कबूल करतो.

सिस्टर मुद्दाम जेवणाच्या वेळी घरात शिरत, पुरुषांची पंगत उठल्यावर. चुलीपाशी बसून म्हणत, "टोपात काय उरलंय ते दाव." टोपात बहुतेक वेळा भात आणि कालवणाचं पाणी असे. मासळी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटातून संपलेली. मग त्या घरातल्या म्हातारीकडे वळत. "सूनबाईचं दोन जिवांचं पोट, आणि तिला धुवण वाढतेस?"

एक म्हातारी त्यांना म्हणाली, "तुज्या घरी तूच पयली बसतस का गो जेवायला?"

"व्हय. आणि नवरा वाढतो."

"आन मग भांडी?"

"तीपण तोच घासतो. तुझ्या म्हाताऱ्याला पाठव, शिकवेल तो."

म्हातारी पदर तोंडात धरून हसली, पण दुसऱ्या दिवशी तिने सुनेसाठी वाटीभर वालाचं बिरडं आधीच काढून ठेवलं. "रक्त बाजारात मिलत नाय, ताटात मिलतं," हे सिस्टरचं नेहमीचं वाक्य. आणि मिठागरावर गेल्या की, "पांढरं मीठ चांगलं, पांढरी बाई नाय!"

तिथल्याच एका पांढऱ्या पडलेल्या बाईमुळे मी हे लिहितो आहे. तिचं नाव वनिता. वय बावीस. पहिल्या बाळंतपणात मूल गेलं होतं आणि रक्त जाऊन तीही जाता जाता राहिली होती. तिला पुन्हा दिवस गेले होते, दिवाळीनंतर तिसरा महिना लागला. सिस्टरनी बोट टोचून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन साडेसहा. बांधावरून मिठाची टोपली नेताना ती दोनदा बसत होती.

सिस्टर मला म्हणाल्या, "दिलीप, ही वैशाखात बाळंत होईल. तोवर हिचं रक्त वाढलं नाय, तर या खेपेला ही उठायची नाय. जंताचं औषध मी देते. लोहाच्या गोळ्या तुझ्याकडे."

गोळ्यांनी बायकांना मळमळायचं. काहीजणी त्या सरळ मिठाच्या वाफ्यात टाकून द्यायच्या. मी त्यावर एक युक्ती काढली. मिठागरावर काम सुरू होण्याआधी सकाळी मोठ्या टोपात चहा व्हायचा. सगळ्या बायका ग्लास घेऊन गोलात बसायच्या. मी तिथे डबा घेऊन उभा राहू लागलो. "चहाबरोबर घ्या, मळमळणार नाही." आणि खरंच बायका गोळ्या घेऊ लागल्या. वनिता तर तोंड उघडून दाखवायची, "बगा भाऊ, गिलली." बायका गोळ्या घेतात एवढंच ऐकून सिस्टरनी माझी पाठ थोपटली. मला वाटलं, आपण मोठे हुशार.

माघात पुन्हा तपासणी झाली. वनिताचा सहावा महिना. आकडा तोच, साडेसहा. इतर बायकांचंही फारसं वेगळं नव्हतं.

सिस्टर उपकेंद्राच्या ओट्यावर, बाकीच्या बायकांसमोर वनितावर कडाडल्या. "कुठं फेकतेस गो गोळ्या? मला फसवतेस की स्वतःला?"

"नाय फेकत सिस्टर. गेलेल्या पोराची आन."

"मग रक्त कुठं गेलं? खाडीत?"

तिची सासूही तिथे होती. ती म्हणाली, "लबाडच हाय ती, घरीपण तसंच करते." वनिता रडत उठून गेली.

मी तिथेच उभा होतो. ती खरं बोलते हे मला ठाऊक होतं. तिने गिळलेली प्रत्येक गोळी मी डोळ्यांनी पाहिली होती. आणि त्याच क्षणी मला आणखी एक गोष्ट आठवली. प्रशिक्षणात आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, लोहाची गोळी चहाबरोबर द्यायची नाही, चहामुळे ती अंगाला नीट लागत नाही. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. तरीही मी गप्प बसलो. आठ दिवस गप्प बसलो. त्या आठ दिवसांत वनिता तपासणीला फिरकली नाही आणि मिठागरावरही माझ्यासमोरून मान खाली घालून जायची. चहाबरोबर गोळी मात्र मुकाट्याने घ्यायची.

नवव्या दिवशी सकाळी सिस्टर न सांगता मिठागरावर आल्या. बायकांनी त्यांच्याही हातात चहाचा ग्लास दिला. त्यांनी एक घोट घेतला, माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, वनिताच्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. ग्लास खाली ठेवला.

त्या माझ्यावर ओरडतील म्हणून मी अंग चोरून उभा राहिलो. त्या माझ्याकडे आल्याच नाहीत. वनितापुढे गेल्या, आणि पन्नाशीची ती बाई सगळ्यांसमोर, त्या खाऱ्या चिखलात, बावीस वर्षांच्या पोरीच्या पायांवर वाकली.

"वनिता, मी तुला चारचौघींत खोटारडी बोलले. तू खरी होतीस. गोळी कशाबरोबर जाते ते मी बघायला पायजे होतं. चूक माझी."

वनिता घाबरून मागे सरली. "असं काय करता सिस्टर? उठा ना!"  मी गोळ्यांच्या डब्याचं झाकण लावलं.

परतताना बांधावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुला म्हायत होतं?"

"हो."

त्या बांध उतरल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या जिभेनं सांगितलंस, आता तुझ्याच जिभेनं पुस. घराघरात जा."

मी गेलो. प्रत्येक घरी म्हटलं, "माझं चुकलं. गोळी दुपारी जेवणानंतर लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या. चहा दोन तास तरी लांब ठेवा." बायकांनी टोमणे मारले. "आता लिंबू, मग काय देशील, नारळ?" मी ऐकून घेतलं. पण प्रत्येक घरी पुढे एक वाक्य जोडलं, "मला माहीत नव्हतं." वनितालाही तेच सांगितलं. एक चूक निस्तरताना मी खोटं बोलत होतो.

पुढचे तीन महिने सिस्टरनी वनिताला डोळ्यांत तेल घालून जपलं. शेवग्याचा पाला, सुका जवळा, वाल, लोखंडी कढईतली भाजी. सासूला शेजारी बसवून सुनेला आधी जेवू घालायच्या. दुपारची गोळी मी नेऊन द्यायचो. वैशाखापर्यंत आकडा साडेनऊवर आला. घरचे म्हणाले, सुईण आहे ना. सिस्टर म्हणाल्या, "सुईण मूल काढेल, रक्त कुठून आणेल?" आणि पहिली कळ येताच तिला पेणच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. रक्त या खेपेलाही गेलं, बरंच गेलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "मागच्या आकड्यावर असती, तर हातात काही राहिलं नसतं." मुलगा झाला. वनिता वाचली. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलो. आत जाऊन तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

पुढे सिस्टरची बदली रोह्याला झाली. निवृत्तीनंतर त्या अष्टमीतच, आमच्या घरापासून चार घरं सोडून राहिल्या आणि वर्षाच्या आत हृदयविकाराने गेल्या. दहाव्याला पेणहून पहिल्या एस.टी.ने वनिता आली. सोबत पाच वर्षांचा मुलगा. ती अंगाने भरली होती, चेहऱ्यावर तेज होतं.

मला राहवलं नाही. नदीकाठी पायऱ्यांवर तिला बाजूला बोलावून म्हणालो, "वनिता, त्या वेळी मी खोटं बोललो. चहाचं मला माहीत होतं. तू रडत गेलीस तेव्हाही माहीत होतं."

तिने मुलाचा हात सोडला नाही. शांतपणे म्हणाली, "मला म्हायत हाय, भाऊ. सिस्टर माज्या पाया पडल्या, त्याच दिवशी सांजचं घरी येऊन त्यांनी सांगितलं."

"मग तरी तू माझ्या हातून गोळी घेत राहिलीस?"

"मी बोलले, त्याच्या हातची नको, तुमीच द्या. तर सिस्टर बोलल्या, त्याच्याच हातची घे. आता जन्मात तो कुणा बाईची गोळी चुकवायचा नाय."