हॅडॉकच्या सहीचा चेंडू

सही तपासायची तर सुप्रभा खांबेटे ती आधी उलटी धरते. सांगलीच्या एका सहकारी बँकेत नऊ वर्षं तिनं चेकवरच्या सह्या नमुना कार्डाशी ताडून बघितल्या, तिथली ही खोड. सरळ धरलं की आपण नाव वाचतो, आणि नाव वाचलं की मान डोलावून मोकळे होतो. उलटं धरलं की नुसत्या रेषा उरतात. मग पेन कुठं पळालंय, कुठं अडखळलंय, ते कळतं. एवढी कसबी बाई, पण इंग्लंडात वॉटफर्डला आल्यावर कितीतरी वर्षं तिला कोणी विचारलं म्हणून नाही. नवऱ्याच्या, जयंतच्या आयटीतल्या नोकरीमागे आलेली. शाळेच्या किचनमध्ये पोरांना मटार वाढले, सुपरमार्केटच्या टिलवर, म्हणजे गल्ल्यावर बसली. मग जुन्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या एका छोट्या कंपनीत फोन घ्यायला लागली, आणि एक दिवस एका क्रिकेट बॅटवरच्या अकराच्या अकरा सह्या एकाच माणसानं ठोकल्यात हे तिनं चहा पिता पिता सांगून टाकलं. मालक नाइजेल बघतच राहिला. तेव्हापासून खेळाची सही केलेली कुठलीही वस्तू आली की सर्टिफिकेट सुप्रभाचं.

त्या गुरुवारी तिच्या टेबलावर बेसबॉल होता. आणि तो कमलाकर बर्व्यांचा होता, इथंच सगळी पंचाईत होती.

बर्वेकाका कार्डिफच्या हॉस्पिटलात ईसीजी काढायचे. रिटायर झाल्यावर मुलीजवळ म्हणून वॉटफर्डला आले, तेव्हापासून सुप्रभाची त्यांच्या घरी ऊठबस. वैजयंतीकाकूंनी तर तिला गाडी शिकवली. पावसात, भल्यामोठ्या राउंडअबाउटवर सुप्रभा रडकुंडीला आली की काकू शेजारून म्हणायच्या, रडायचं तर रड, पण गाडी थांबवू नकोस. अशी खमकी बाई. आणि गेल्या तीन वर्षांत काय झालं बघा, त्याच काकूंना स्वतःच्या घराचं दार सापडेना. काका ब्याऐंशीचे, एकटे किती पुरे पडणार? दिवसभर घरी माणूस ठेवायचं तर पेन्शन पुरत नव्हती. काकूंना आपल्याकडे ठेवून घ्यायचं म्हणून येत्या सोमवारी केअर होमचे लोक त्यांना बघायला येणार होते. चेंडू विकला गेला तर वर्षभर तरी काकू घरात राहतील, एवढं साधं गणित होतं.

चेंडू साधासुधा नव्हता. एल्मर हॅडॉक हा एकेकाळचा मोठा अमेरिकन खेळाडू. आपल्याकडे बेसबॉलमधलं कुणाला काय कळतंय म्हणा, पण तिकडे त्याच्या सहीसाठी लोक जीव टाकतात. म्हातारपणी आजीचं गाव शोधायला तो वेल्समध्ये आला आणि छातीत कळ येऊन कार्डिफच्या वॉर्डात पडला. एकटा होता, घाबरला होता. बर्वेकाका ड्यूटी संपल्यावर तीन दिवस त्याच्या उशाशी बसले. पुढं अमेरिकेतून पार्सल आलं, त्यात हा चेंडू आणि आभाराचं पत्र. पत्रावरही सही. म्हणजे सुप्रभाला नमुना कार्डच मिळालं होतं. कॅटलॉग छापून झाला होता. अमेरिकेतला एक ग्राहक चाळीस हजार पौंडांपर्यंत जायला तयार होता आणि सर्टिफिकेट झालं का विचारायला त्याचा माणूस तीन वाजता फोन करणार होता.

काका-काकू बाहेरच्या खोलीत बसले होते. काकूंना घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून काकांनी त्यांनाही आणलं होतं. दोन वाजता सुप्रभानं खोलीतला लाइट घालवला आणि शाई तपासायचा जांभळा दिवा लावला. चेंडूच्या शिवणीत पिवळे ठिपके लखलखले. ती क्षणभर चमकली आणि मग तिला हसू आलं. हळद! काकू दर दसऱ्याला हा चेंडूही पूजेत मांडायच्या, ते तिनं स्वतः बघितलं होतं.

मग तिनं चेंडू उलटा धरून भिंगाखाली घेतला. शाई दोन थरांची होती. खाली तपकिरी, जवळजवळ उडून गेलेली. वर गडद निळी. पत्रावर हॅडॉकनं सहीचा शेवटचा फाटा एका झटक्यात भिरकावला होता. चेंडूवर तोच फाटा चार ठिकाणी थांबत थांबत गेला होता. कुणीतरी जपून, जीव लावून सही गिरवली होती. बँकेत असा चेक तिनं डोळे मिटून परत पाठवला असता.

अरे देवा, काका? हा विचार मनात आला याचीच तिला लाज वाटली, पण आला तो आला. गरज माणसाला काय काय करायला लावते हे तिनं काउंटरमागून बघितलेलं होतं. नाइजेलनं दारातून डोकावून झालं का विचारलं. तो काही लुच्चा माणूस नव्हता. काही अडचण असेल तर शब्द जरा सैल ठेव, एवढंच म्हणाला आणि गेला. सैल शब्द तिला येत होते. खालची सही अस्सल होती, याबद्दल तिची खात्रीच होती. सर्टिफिकेटच्या फॉर्मवर तीन ओळी लिहायच्या की काकू घरी राहणार. या इमारतीत तिला पकडणारं कोण होतं? तिनं पेनचं टोपण काढलं, फॉर्म पुढं ओढला आणि तशीच बसून राहिली. घड्याळात अडीच झाले, पावणेतीन झाले, तिचा हात काही चालेना.

शेवटी उठली आणि दोघांना आत बोलावलं. काकू कडेच्या खुर्चीत बसल्या.

"काका, या सहीवरून नंतर कुणीतरी पेन फिरवलंय."

काकांना आधी ती चेष्टा वाटली. भिंगातून बघा म्हणाली तर त्यांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. हळूहळू लाल झाला.

"सतरा वर्षं माझ्या घरी जेवलीस, सुप्रभा. सरळ विचार."

"तुम्ही केलंत का?"

काकांनी टेबलावरचं पत्र उचललं. आपण निघतो, म्हणाले, आणि घडी करून ते खिशात घालू लागले. पत्र काही खिशात जाईना. सुप्रभा त्यांच्या मागे उभी राहून काहीतरी समजावत होती, आणि काय समजावत होती ते तिचं तिलाही कळत नव्हतं. काकूंकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

काकूंनी चेंडू उचलला होता. डाव्या हातात घट्ट धरला होता, उजव्या हातात सुप्रभाचं पेन. जीभ दातांत धरून, मान वाकडी करून त्या सहीवरून पेन फिरवत होत्या. थांबत, थांबत.

"पुन्हा पुसट झालं बघा," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "दर वेळी पुसताना जातं. मग मीच करते नीट. ह्यांना सांगू नका, त्यांना फार जपून ठेवायचंय ते."

पूजा झाली की हळदकुंकू ओल्या फडक्यानं पुसून काढायचं, तशी वर्षानुवर्षं सहीही निघत गेली. आणि दर वर्षी ही बाई नवऱ्याला कळू न देता ती परत लिहीत आली.

सुप्रभा पेन काढून घ्यायला पुढं झाली, तर काकांनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे."

"काका, सगळं जाईल."

"गेलंय ते. करू दे तिला."

पलीकडे नाइजेलच्या खोलीत फोन वाजायला लागला. सुप्रभानं कोरा फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. तिला रडू आलं आणि ती डोळे पुसायच्या भानगडीत पडली नाही. काकांनी खुर्ची ओढली, काकूंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि चेंडू हलू नये म्हणून खालून हात धरला. सोमवारी ते लोक येणार होते. आता त्यांना नको म्हणण्यासारखं काकांकडे काहीच नव्हतं.

शेवटचा फाटा पुरा झाला. शाई वाळावी म्हणून काकूंनी दोनदा फुंकर घातली आणि चेंडू काकांच्या हातात दिला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता कोणी आलं तरी दाखवा. अगदी लख्ख दिसतंय."