गाडीखालचा पुठ्ठा

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कसालच्या बाजारात गाडी लावत होते. काकीचा आवाज शांत होता. "ये गो, पण सावकाश चलव," एवढंच म्हणाली. तिथून तोंडवलीपर्यंतचा रस्ता मी काकांच्या ट्रकमधून किती वेळा पाहिला होता... आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि मला तिथवर नेलं ते काकांच्या मासे वाहणाऱ्या ट्रकने. माझा धुतलेला ड्रेस पिशवीत घालून केबिनमध्ये टांगलेला असे. कॉलेजच्या अलीकडे एका ओळखीच्या घरी मी तो बदलत असे. "माशांचो वास माझ्याकडे ऱ्हवांदे. तू शिकाक जा," काका म्हणायचे.

त्यांची एक सवय होती. रात्री गाडी लावली की तिच्याखाली पुठ्ठा सरकवायचा, आणि सकाळी तो बघितल्याशिवाय कुणालाही निघू द्यायचं नाही. तेलाचा डाग दिसला तर आधी तो कुठून आला ते शोधायचं, मग प्रवास. माझी परीक्षा असली तरी नियम तोच. मी चडफडायचे, ते मात्र निवांत टॉर्च घेऊन गाडीखाली शिरायचे.

आजारपणात त्यांचं गाडी चालवणं सुटलं आणि ट्रक घरापुढच्या खळ्याच्या कडेला उभा राहिला. माशांच्या बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं झिरपून इंजिनाखालचं तेलाचं चेंबर गंजलं होतं. पुठ्ठा रोज काळा व्हायचा. चिरे वाहणारा एक जण ट्रक घ्यायला तयार झाला. तेल टिकत नसेल तर दोरी बांधून ओढून नेतो, म्हणाला. काकांनी त्याला तिथेच थांबवलं. "माझी गाडी दोरयेक बांधून जावची नाय. आपल्या इंजिनावर जातली." डॉक्टरांनी आम्हाला जे सांगितलं होतं, ते काकांना न सांगताच कळलंय, हे मला तेव्हा उमगलं.

त्यांना वाकता येत नव्हतं. म्हणून चाकांना दगड लावून, जुना गाऊन घालून काकीच गाडीखाली शिरली. परातीत तेल उतरवलं, बोल्ट सोडवले. काका वरून हुकूम देत होते. "तुमका खुर्येत बसान सांगूक काय जाता," खालून उत्तर आलं. चेंबर घासलं तर गंजाखाली पत्रा पापडासारखा झालेला. मी ते कसालच्या वेल्डरकडे नेलं. त्याने कुजलेला भाग कापून जाड पत्र्याचं ठिगळ लावलं, आत रॉकेल भरून तपासलं. मग काकीने नवं पॅकिंग आणि पेस्ट लावून ते पुन्हा चढवलं. "एकच बोल्ट आवळू नको गो. थोडो हयलो, थोडो समोरचो," काका सांगत होते. "इतकी वर्षां तुमका सांभाळलंय, ह्या चेंबर काय चीज," काकी म्हणाली.

पेस्ट सुकायला रात्र द्यायची होती. पण जन्मभर इतरांना थांबवणारे काका त्या संध्याकाळी घाई करू लागले. "आताच तेल ओत. माका उद्याचो भरवसो नाय." काकी हात पुसत त्यांच्यासमोर येऊन बसली. "पुठ्ठो बघितल्याशिवाय गाडी सुटत नाय, ह्यो नियम कोणाचो?" काकांनी ट्रककडे बघितलं. मग म्हणाले, "बरा. पेज वाढ."

ती रात्र गेली. दुसऱ्या दिवशी तेल भरून इंजिन चालवलं, आणि पुठ्ठ्यासाठी काका आणखी एक रात्र थांबले. सकाळी काकीने पुठ्ठा ओढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी त्यावरून हात फिरवून बोटं बघितली. बोटं कोरडी होती. चिरेवाल्याने ट्रक चालू केला. काका मोठ्या रस्त्याच्या वळणापर्यंत शेजारी बसून गेले, तिथे उतरले, आणि इंजिनाचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत काठी टेकून उभे राहिले. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

बारावं झालं. मी निघायच्या आदल्या संध्याकाळी काकीने माझ्या गाडीखाली पुठ्ठा सरकवला. गाडी तर नवीच आहे. सकाळी पिशव्या ठेवून झाल्या, तरी मी चावी हातातच धरून उभी होते. काकी गुडघ्यावर हात ठेवून वाकली, पुठ्ठा ओढून उजेडात धरला, त्यावरून हात फिरवून बोटं बघितली... अगदी काका बघत तशीच.

"सुको आसा," ती म्हणाली. "जा आता."