वासंतीबाईंनी गोळा केलेली मतं

पुण्यात धायरी फाट्यावरच्या वासंतीबाईंच्या वाचनालयात एक नियम होता. पुस्तक परत करताना मत सांगायचं, त्याशिवाय दुसरं पुस्तक मिळायचं नाही. नुसतं 'छान होतं' चालत नसे. "छान तर भजीसुद्धा असतात," असं म्हणून त्या समोरच्या बाईला तिष्ठत ठेवायच्या.

त्यांची लेक वल्लरी हिंजवडीत आयटीत होती. तिनं एक जुनी प्रेमकादंबरी आजच्या काळात आणून मोबाइलवर लिहायला घेतली. मूळ कथा वाचनालयातल्या सगळ्या बायकांना पाठ होती. नायक शिकायला विलायतेला जातो, नायिका वर्षानुवर्षं वाट बघते, शेवटी तो बोटीतून उतरतो आणि लग्न लागतं. वल्लरीनं नायिकेला कंपनीत नोकरी दिली, नायकाला अमेरिकेत पाठवलं. दर रविवारी एक प्रकरण यायचं.

आणि वासंतीबाईंच्या जिवाला घोर लागला. कारण वल्लरीचं ज्याच्याशी ठरल्यात जमा होतं तो शौनकही अमेरिकेतच होता, आणि येतो येतो म्हणून दिवस ढकलत होता. घरात विषय काढला की वल्लरी म्हणायची, "बघू गं आई." म्हणजे जे काही कळायचं ते कादंबरीतूनच. नायिका फोन ठेवून रडली की यांचं दूध उतू जायचं. ती हसली की या लगेच मंगल कार्यालयांची चौकशी करायच्या. तिथं लग्न लागलं तर इथंही लागेल, अशी त्यांनी मनाशी गाठच मारली होती.

दुपारी त्या वाचनालयात नवं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवत. नियमाप्रमाणे मतं घेत आणि ज्यांना मोबाइल जमत नसे त्यांची मतं प्रकरणाखाली त्यांच्या नावानं स्वतः टाकत.

गोदाबाईंना नवं मुळीच रुचलं नव्हतं. "बोटीची वाट बघण्यात गोडी होती हो. हिचा फोन दिवसभर वाजतोय, आणि म्हणे विरह!"

हेमाताई शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं. त्या म्हणाल्या, "जुनीचं थांबणं मला पटायचं, वासंती. बिचारीला त्याचं काही कळायचंच नाही. हिला तो रोज दिसतो, काय जेवला तेही कळतं. तरी येत नाही. हे वाट बघणं नव्हे. एकमेकांना नाही म्हणायची दोघांनाही भीड पडलीय."

वासंतीबाईंनी मान डोलावली. संध्याकाळी हेमाताईंच्या नावानं मोबाइलवर उमटलं, 'फारच सुंदर! आता वाचकांचा अंत पाहू नका, लग्न लावून द्या.' गोदाबाईंच्या नावानंही तेच, फक्त 'सुंदर'च्या जागी 'गोड'.

पुढच्या शनिवारी वल्लरी आईचा डबा द्यायला आली, तर हेमाताई पुस्तक बदलायला उभ्या.

"काय काकू, तुम्हीसुद्धा लग्न लावा म्हणताय?"

"मी? मी कशाला म्हणेन?" हेमाताईंनी आपलं मत शब्दन् शब्द पुन्हा ऐकवलं. "आणि लिहिणार कशावर गं? माझा फोन बटणांचा आहे."

वासंतीबाई एकदम फडकं घेऊन कपाट पुसायला लागल्या. हेमाताईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "चला, मला भाजी घ्यायचीय," म्हणाल्या आणि पुस्तक न घेताच गेल्या.

"आई, हे काय केलंस तू?"

"लोकांना शेवट गोड लागतो. वाचकांचं मन राखावं."

"आणि हेमाकाकू वाचक नाहीत?"

"वल्लरी, मला खरं सांग." फडकं हातातच राहिलं. "शौनक येणार आहे ना?"

वल्लरी स्टुलावर बसली. "मी त्याला दिवाळीतच नाही म्हटलंय. त्यालाही सुटल्यासारखंच वाटलं. तुला सांगायचा धीर होईना, म्हणून प्रकरणं लांबवत बसले. कादंबरीतली ती बाई उगाच ताटकळतेय माझ्यापायी."

वासंतीबाईंच्या डोळ्यांपुढे आधी शौनकची आई आली, मग सगळे नातेवाईक. प्रत्येकाला काय सांगायचं ते जुळवता जुळवता त्यांना घाम फुटला. बोलल्या मात्र भलतंच.

"मग आता ती काय करणार?"

"कोण?"

"तुझी नायिका."

"वाघोलीला फ्लॅट घेते. एकटी राहते. तिथं संपवायचं."

"हा शेवट झाला? मला नाही पटला."

"नको पटू दे."

"अगं, वाघोलीला टँकरचं पाणी! आणि हिंजवडी कुठे, वाघोली कुठे? निम्मं आयुष्य रस्त्यात जाईल तिचं."

"नोकरी बदलते ती. तिथंच जवळ, खराडीत."

वासंतीबाईंनी फडकं खाली ठेवलं. कादंबरीत खराडी कुठेच आली नव्हती.

"तुझी कधी बदलतेय?"

"पुढच्या महिन्यात."

"आणि फ्लॅट?"

"उद्या बघायला जायचंय. सकाळी."

"सकाळी नको," वासंतीबाई म्हणाल्या. "सकाळी सगळीकडेच पाणी असतं. दुपारी जाऊ. नळ सोडून बघितल्याशिवाय मी तुला हो म्हणू देणार नाही."