शेंगा सोलल्याचा आवाज

पोस्टाच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी मोबाइल स्पीकरवर ठेवला होता. त्यातून काहीतरी फुटल्याचा बारीक आवाज सारखा येत होता. मी बघतेय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "वडील आहेत. घरी एकटेच. उठले की पडतात, म्हणून पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा ठेवून येते. सोलतायत तोवर बसलेले असतात."

हात शिक्क्यावर आणि कान घरी. पगार मिळतो तो हातांचा. कानाचं काम कुठल्याच हजेरीत नाही. आणि संध्याकाळी दमून जातो तो कानच.

एकाएकी आवाज थांबला. बाईंचा शिक्का वरच राहिला.

"आप्पा?"

माझ्यामागचे गृहस्थ करवादले, "अहो बाई, आटपा की!" माझं पाकीट समोर तसंच पडलं होतं आणि मीही आता त्या आवाजाचीच वाट बघत होते.

"आप्पा, बसलायत ना?"

"शेंगा संपल्या गं," फोनमधून आलं. "उठू का आता?"

बाईंनी रांगेकडे पाहिलं. ती पार दारापर्यंत गेली होती.

"टरफलांत बघा आप्पा, एखादी राहिली असेल," त्या म्हणाल्या, आणि शिक्का माझ्या पाकिटावर आपटला.