पाच दारांच्या तीन खोल्या

माझ्या दोन्ही बाळांनो,

परवा तुम्ही फोनवर एक चित्र पाठवलंत. एक मोठा चौकोन, त्यात वर दोन खोल्या, खाली तीन. भिंतींचे मिळून सोळा तुकडे. हात न उचलता एकच रेघ काढायची आणि प्रत्येक भिंत एकदाच ओलांडायची. मी उत्तर पाठवलं, "होत नाही." त्यावर तुम्ही हसणारी तोंडं पाठवलीत आणि लिहिलंत, आजी हरली.

हरले नाही. पण का होत नाही ते फोनवर टाइप करण्याइतकं थोडं नव्हतं. शिवाय डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची फारशी आशा ठेवू नका असं सांगितलं आहे. सकाळी दहा ते अकरा खिडकीशी उजेड बरा असतो, तेवढ्यात एक पान होतं आणि मग मान दुखू लागते. म्हणून हे आताच लिहायला घेतलं. पाच-सहा दिवस लागतील. अक्षर जड गेलं तर आईकडून वाचून घ्या.

यातल्या माणसांची नावं लिहीत नाही. ज्यांची आहेत त्यांच्या घरची माणसं अजून कोल्हापुरात आहेत.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. माझे वडील संस्थानच्या कचेरीत कारकून होते. कचेरी राहणार की जाणार, बदली पुण्याला की बेळगावला, रोज संध्याकाळी घरात हीच चर्चा. वडील म्हणायचे, "माझं काही सांगता येत नाही, हिचं शिक्षण तेवढं पुरं व्हावं." मी मुलींच्या हायस्कुलात आठवीत होते. ऐकून ऐकून ते वाक्य मला ओझ्यासारखं वाटू लागलं होतं.

शाळेत आम्ही तिघी होतो. एक गुळाच्या आडत्याची मुलगी, जैनांची, गोरी आणि बोलघेवडी. घरी गुळाच्या ढेपांची उतरंड, त्यामुळे तिच्या दप्तरालासुद्धा गुळाचा वास यायचा. दुसरी जवळच्या गडमुडशिंगी गावची, शेतकऱ्याची. सकाळी दूध घालणाऱ्या चुलत्याच्या सायकलवर मागे बसून यायची आणि संध्याकाळी भाजी विकून परतणाऱ्या बायकांबरोबर चालत जायची. तिसरी मी.

कोडी आणायची ती आडत्याची मुलगी. तिचा मोठा भाऊ कॉलेजात होता, तो वहीत उतरवून द्यायचा. मधल्या सुटीत व्हरांड्यातल्या फरशीवर खडूने आम्ही ती काढायचो. पाकिटाची आकृती, चांदणी, एकात एक अडकलेली वर्तुळं. खडू उचलायचा नाही, एक रेघ दोनदा गिरवायची नाही. मी व्यवस्थित मुलगी, क्रमाने एकेक सुरुवात करून बघायची आणि चुकलेल्या वाटा वहीत टिपून ठेवायची. आडत्याची दोनदा करून कंटाळायची. मुडशिंगीची मात्र खडूच हातात घ्यायची नाही. गुडघ्यावर हनुवटी ठेवून नुसती बघत बसायची.

एकदा नऊ ठिपके आले. तीन ओळींत तीन-तीन. चार सरळ रेघांत, हात न उचलता, सगळे ठिपके जोडायचे. मी दोन दिवस त्यात घालवले. एक ठिपका उरायचाच. तिसऱ्या दिवशी मुडशिंगीचीने रेघ ठिपक्यांच्या पुढे मोकळ्या फरशीवर नेली आणि तिथून वळवली. झालं.

"अगं, बाहेर कुठं जातीस?" मी ओरडले.

"मग? औत वळवायला फुडं जागा लागती की! आतल्या आत कसं वळंल?"

"बघा," आडत्याची म्हणाली, "आमी दोन दिस डोकं फोडतोय आन् ही औत घिऊन आली."

हे एवढ्यासाठी सांगते की ती सहज हात टेकणाऱ्यातली नव्हती. एखादी गोष्ट होत नाही असं ती म्हणाली की त्यामागे काहीतरी असायचं.

नववीत आमच्या वाटा वेगळ्या व्हायच्या होत्या. तेव्हा मुलींना बीजगणित-भूमिती किंवा गृहशास्त्र, यांतलं एक घ्यावं लागे. गणिताचे सर मुलांच्या शाळेतून आठवड्यातले तीन दिवस यायचे. म्हातारे, करड्या टोपीचे, कडक. त्यांना दिलेल्या खोलीत तीनच बाकं मावत, एका बाकावर तिघी, म्हणून ते नऊच मुली घेत. बाकीच्या गृहशास्त्राला. आडत्याचीला त्याचं काही नव्हतं. "मला काय, मी पापड लाटायलाच जन्मलोय," म्हणायची.

मुडशिंगीचीला मात्र भूमिती हवीच होती, आणि नुसती आवड म्हणून नाही. तिच्या वडिलांनी सरळ हिशेब घातला होता. भूमिती मिळाली तर शाळा, नाहीतर घर. "सैपाक शिकायला यवढ्या लांब कशाला जायाचं? त्यो तर आय शिकवती की," असं ते म्हणाले होते. ते वाईट नव्हते. त्यांच्या बाजूने त्यांचं बरोबरच होतं. दुधाच्या सायकलवरचा रोजचा तो प्रवास त्यांनाही काळजीचा होता.

आठ मुली मार्कांवर घेतल्या. नवव्या जागेला मुडशिंगीची आणि मी, दोघींचे मार्क सारखे. सर म्हणाले, "परीक्षेत पाठांतर चालतं, कोड्यात चालत नाही," आणि फळ्यावर तुमचं हेच चित्र काढलं. वर दोन खोल्या, खाली तीन. "आमच्या गुरुजींनी आम्हांला घातलं होतं. त्यांनी ते सोडवलं होतं. मी दरवर्षी घालतो, अजून एकीलाही आलेलं नाही. परवापर्यंत दोघींनी करून आणा. जी आणेल तिची जागा."

त्या संध्याकाळी मी तिला वेशीपर्यंत सोडायला गेले. भाजीवाल्या बायका पुढे चालल्या होत्या. ती रस्त्याच्या कडेला बसली आणि काटकीने मातीत चित्र काढलं.

"प्रत्येक भिंतीला एक दार हाय असं समज," ती म्हणाली. "ही खोली बघ. किती दारं?"

मी मोजली. "पाच."

"तू भाईर हाईस. आत गेलीस, भाईर आलीस. परत आत, परत भाईर. चार दारं झाली. पाचव्यातनं आत गेलीस. आता?"

"आता आतच."

"मग तुजा शेवट तितंच. न्हायतर सुरवात तितनं करायची. खरं का न्हाय?"

"खरं."

"आता मोज, पाच दारांच्या खोल्या किती हायत."

वरच्या दोन्ही आणि खालची मधली. तीन.

"मानूस निघंल एका जाग्यावरनं आन् थांबंल एका जाग्यावर. तिसरीचं काय करायचं?"

पुढून बायकांनी हाक मारली, "अगं ए पोरी, चल की, अंधार पडंल!" ती उठली, परकर झटकला. "न्हाय होत ते," म्हणाली. "सरांस्नी सांगू." तिला किती आनंद झाला होता! मी तसाच आनंद पुढे अनेक वर्षं शिकवताना मुलींच्या चेहऱ्यावर शोधत असे. क्वचित दिसे.

मला ते पटलं होतं. हे नीट वाचा. मला पूर्ण पटलं होतं, त्यात शंकेला जागाच नव्हती. आणि तरी दुसऱ्या दिवशी मी चित्र काढत बसले. पंधरा भिंती होत, सोळावी उरे. दरवेळी. शेवटी ती सोळावी भिंत ज्या टोकाला दुसऱ्या भिंतीला मिळते, बरोबर त्या टोकावरून मी रेघ नेली. पेन्सिल मऊ आणि जाड होती. तिथे एक काळा ठिपका झाला आणि त्या ठिपक्यात एकदम दोन भिंती ओलांडल्यासारख्या दिसल्या. मी तो कागद घडी घालून दप्तरात ठेवला. वडील त्या दिवशी लवकर आले होते आणि अंगरखा न काढता खुर्चीवर बसून होते. कारण म्हणून हे सांगत नाही. होतं ते सांगते.

वर्गात सरांनी आधी तिला उभं केलं. तिच्या कागदावर रेघच नव्हती. चित्राखाली तीन ओळी लिहिल्या होत्या.

"हे काय?"

"सर, हे होत न्हाय."

"न जमणं वेगळं आणि न होणं वेगळं, मुली."

"व्हय सर. हे न होणं हाय. पाच दारांच्या खोल्या तीन हायत..."

"दारं कुठून आली यात?" सर म्हणाले आणि वर्ग हसला. ती पुढचं बोलू लागली तशी त्यांनी हात वर केला आणि माझा कागद मागितला. चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला, बोटाने रेघेवरून गेले. त्या ठिपक्यावरून बोट न थांबता पुढे गेलं. मग ते खुर्चीतून उठले. सर कधी उठत नसत.

"शाब्बास! इतक्या वर्षांत पहिली!"

माझा कागद बाकांवरून फिरला. तिच्याकडे आला तेव्हा तिने एकदाच पाहिला आणि बोट बरोबर ठिपक्यावर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. सरांना काही बोलली नाही.

सुटीत व्हरांड्यात ती म्हणाली, "कोपऱ्याला दार आसतं व्हय गं?"

मी दप्तराचा बंद बांधू लागले.

"कोपऱ्यातनं भुतं जात्यात. मानसं न्हाय."

आडत्याचीने दप्तरातून गूळ काढून दोघींच्या हातावर ठेवला आणि मला म्हणाली, "जा आन् सांगून टाक. अजून यादी मोठ्या बाईंकडं गेलेली न्हाय. मी यिऊ का संगं?" मी म्हणाले, उद्या सांगते. यादी दोन दिवसांनी गेली. त्या दोन दिवसांत मी सरांच्या खोलीच्या दारापर्यंत एकदा गेले. आत ते दुसऱ्या शिक्षकांना माझा कागद दाखवत होते. मी परत फिरले.

पुढच्या सोमवारी तिचे वडील दाखला न्यायला आले. फेटा बांधलेले, हातात कापडी पिशवी. मला ओळखून म्हणाले, "तुजी भूमिती झाली म्हनं. चांगलं शीक, पोरी." ती त्यांच्या मागे उभी होती. मी काही बोलायच्या आत निघाली.

मी तीन वर्षं त्या तिसऱ्या बाकावर बसले. भूमितीत मला कधीच विशेष गती नव्हती. पुढे कॉलेजात इंग्रजी घेतलं, इंग्रजीच शिकवलं. वडिलांची नोकरी राहिली, बदलीही झाली नाही. म्हणजे जी भीती होती तीही खरी ठरली नाही.

लग्नाआधीच्या वर्षी मी तिला भेटायला गेले. तिला मलकापूरच्या बाजूला दिलं होतं. एस.टी.ने गेले, धुळीने डोळे भरले होते. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होती, मांडीवर मूल झोपलेलं. मी आठ वर्षं घोकलेलं सगळं एका दमात बोलले. ती शेंगा निवडतच राहिली.

"सरांस्नी सांगितलंस?"

"नाही. तुला आधी सांगावं म्हटलं."

"मला काय सांगायचंय? मी तवाच बघितलं की." तिने खराब शेंगा सुपातून बाजूला टाकल्या. "जागा गेली त्येचं सोड. घरची आपली रीत हुती, आज न्हाय तर उद्या काडलंच आसतं. पर मी उभी ऱ्हाऊन खरं सांगत हुतो आन् समदी हसली. ते मातूर जात न्हाय."

चहा झाला. मूल उठलं, रडू लागलं. ती मला गाडीपर्यंत सोडायला आली नाही. तिला वेळ नव्हता.

परत आल्यावर मी सरांकडे गेले. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, मोतीबिंदूने दिसत नव्हतं. मी त्यांच्या तळहातावर बोटाने खोल्या काढून दाखवल्या आणि तिच्याच शब्दांत सांगितलं. आत, भाईर, आत, भाईर, आत. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग स्वतःच्या बोटाने तळहातावरची दारं मोजली. शेवटी म्हणाले, "ती मुलगी कुठे असते?" मी गावाचं नाव सांगितलं. "तिला बोलवा," म्हणाले. मी पत्र टाकलं. ती आली नाही, उत्तरही आलं नाही. सर त्याच वर्षी गेले.

एवढंच. हे मी तुमच्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं. लपवलं असं नाही. सांगायला बसले की थकवा यायचा आणि मी दुसरं काहीतरी काम काढायची. आता कामंही राहिली नाहीत.

मुडशिंगीची आणि आडत्याची, दोघी गेल्या. खोलीतली ती तीन बाकं शाळेने केव्हाच मोडीत काढली. काही वर्षांपूर्वी एका दाखल्यासाठी गेले होते तेव्हा कारकुनाला विनंती करून जुनं जनरल रजिस्टर पाहिलं. पानं पिवळी झाली आहेत, शाई टिकून आहे. तिच्या नावापुढे नववीच्या सुरुवातीची तारीख आहे, आणि शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात एकच शब्द: घरकाम. ते रजिस्टर अजून शाळेच्या कपाटात आहे.