समईशेजारचा फोटो

अनोळखी माणसांचे फोटो काढायचे म्हणजे शिव्या खायची तयारी हवी, आणि ती माझी आहे. भोपाळात जवाहर चौकात कॅमेरा काढला की "मॅडम, पेपरवाली हो क्या?" असं ऐकायला मिळतं. घरी बरखेड्यात आले की शेजारच्या मराठी बायका विचारतात, "तुला दुसरा उद्योग नाही का?" नाही. माझी पद्धत सरळ आहे. आधी विचारायचं, नाही म्हणाले तर कॅमेरा खाली. हो म्हणाले तर पुढच्या आठवड्यात छापलेला फोटो नेऊन हातात द्यायचा. चोरून फोटो काढणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

शाहपुऱ्याच्या तलावाकाठी भुट्टे भाजणाऱ्या बाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "खींच लो. पर हँसूँगी नहीं." नाहीच हसल्या. हातात पंखा, कपाळावर राख, आणि नजर अशी, की बघणाऱ्यानं आधी आपली ओळख सांगावी. छापलेला फोटो दिला तेव्हा बराच वेळ पाहत राहिल्या आणि "हाँ, मैं ही हूँ," एवढंच म्हणाल्या. मला तेवढं पुरलं.

त्या वर्षी गणपतीत आमच्या मराठी मंडळानं माझं प्रदर्शन ठेवलं. बाईंचा तो काळापांढरा फोटो मी सगळ्यात मोठा करून घेतला आणि त्यांना उद्घाटनाला बोलावलं. मंडळाच्या सचिवांना तो खटकला. "अहो ताई, आपल्या लोकांचे लावा ना. आणि ही बाई केवढी रागानं बघतेय! सणासुदीला जरा प्रसन्न काहीतरी हवं."

उद्घाटनाच्या दिवशी मी चहाला गेले की ते फोटो दाराआड ठेवायचे, मी आले की परत पुढे आणायचे. दुपारभर हाच खेळ. शेवटी माझं डोकं फिरलं. मी फ्रेम उचलली आणि थेट स्टेजवर, समईशेजारच्या टेबलावर नेऊन ठेवली. आता हलवायचा तर सगळ्यांसमोर हलवावा लागणार होता. या ओढाताणीत तिथं ठेवायची सरस्वतीची तसबीर मात्र राहूनच गेली.

मराठी कार्यक्रम म्हटला की आधी दीपप्रज्वलन, मग प्रतिमेला हार. पाहुणे होते कारखान्यातून निवृत्त झालेले मोठे साहेब. असे हार त्यांनी आयुष्यभर घातलेले. त्यांनी समई लावली, तबकातला झेंडूचा हार उचलला, समोर दिसली त्या प्रतिमेला घातला आणि डोळे मिटून हात जोडले. सवयीनं अख्खं सभागृह उभं राहिलं. "मंडळाच्या जुन्या कुणी का गं?" शेजारच्या काकूंनी मला हळूच विचारलं.

भुट्टेवाल्या बाई दारातच उभ्या होत्या, नवी साडी नेसून. जिवंत माणसाच्या फोटोला हार! त्या तरातरा चालत पुढे आल्या.

"मैं मर गई क्या?"

कुणीतरी हसलं. सचिव धावले, त्यांना हवं होतं ते निमित्त आयतंच मिळालं होतं. "माफ कीजिए, अभी हटाते हैं," म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी फ्रेम धरली. मी दुसरी बाजू धरली. माझा आवाज चढला आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही. "फोटो ठेवायचा की काढायचा ते त्या सांगतील. तुम्ही नाही!"

बाईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं. मग फ्रेमवरचा हार काढून परत तबकात ठेवला.

"फोटू यहीं रहेगा," त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "फोटू को हाथ जोड़े ना, साहब? अब हम खुद खड़े हैं."

आणि उभ्या राहिल्या. साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी एकदा सभागृहाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहून हात जोडले, या वेळी डोळे उघडे ठेवून. मागोमाग पहिल्या रांगेनं जोडले, मग दुसरीनं. मी मात्र सचिवांवरची नजर काढली नाही. हात जोडायचे तर त्यांना फ्रेम सोडावी लागणार होती.

त्यांनी ती सोडली.